बारीक ताप आणि चिनी वैद्यक

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर झालेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून, थोडी भर घालून देत आहे.)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. उभं आयुष्य बँकेत गेलं. विषय कळवला तेव्हा समितीतले एक तरुण सभासद म्हणाले, "काका, त्यापेक्षा मुदत ठेवींवर बोला ना." ठेवींचे दर रोज पेपरात येतात. बारीक तापाबद्दल मात्र कोणी बोलत नाही, आणि आमच्या घरात त्याचा मुक्काम चार महिने होता. त्या निमित्ताने मी वाचत गेलो आणि वाचता वाचता थेट चीनमध्ये पोचलो.

बारीक ताप म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे त्याला किती शब्द आहेत बघा. कणकण, कसर, अंग कोमट लागणं, हाडी ताप. थर्मामीटर लावला तर ९९.२, ९९.६. रजा मागावी इतका ताप नाही आणि कामात लक्ष लागावं इतकी तब्येतही नाही. घरचे म्हणतात, "काही नाही हो, थकवा असेल." दोन दिवस असं चाललं तर ठीक. दोन महिने चाललं तर माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागतो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. शरीराचं तापमान मोजून त्याची पद्धतशीर नोंद ठेवण्याची रीत तशी अलीकडची आहे. जर्मनीतल्या वुंडरलिश नावाच्या डॉक्टरांचा त्यावरचा मोठा ग्रंथ १८६८ सालचा. त्याआधी चिनी वैद्याजवळ काय होतं? स्वतःचा हात आणि रोग्याचं सांगणं. म्हणून त्यांच्या लेखी ताप म्हणजे आकडा नव्हता. हाताला लागतो तोही ताप, आणि हाताला लागत नाही पण रोगी म्हणतो "आतून भाजतंय" तोही तापच. "किती?" हा प्रश्न त्यांना विचारताच येत नव्हता. मग त्यांनी बाकीचे प्रश्न विचारले. कधी चढतो? कुठे जाणवतो? कशाने वाढतो? घाम केव्हा येतो? सगळं शास्त्र या प्रश्नांवर उभं आहे.

त्यांची पहिली वाटणी सोपी आहे. ताप बाहेरून आला की आतून उपजला? बाहेरून आलेल्या तापावरचा त्यांचा मूळ ग्रंथ झांग झोंगजिंग यांचा, इसवी सन २०० च्या आसपासचा. प्रस्तावनेत ते सांगतात की आपलं कुळ दोनशेहून अधिक माणसांचं, आणि दहा वर्षांच्या आत त्यातली दोन तृतीयांश माणसं गेली, बहुतेक तापानेच. या दुःखातून ते ग्रंथाकडे वळले. पण त्यांचा भर आहे तो अंगावर चालून येणाऱ्या, थंडी वाजून चढणाऱ्या तापावर.

आतून उपजणाऱ्या तापाची बाजू ठामपणे मांडली ती ली दोंगयुआन यांनी (११८०–१२५१). हा माणूस मला फार आवडला, म्हणून जरा थांबून सांगतो. १२३२ साली मंगोल सैन्याने कायफेंग शहराला वेढा घातला. ली तेव्हा शहरात होते. वेढा उठला आणि माणसं तापाने मरू लागली. शहराला बारा वेशी. प्रत्येक वेशीतून रोज हजार ते दोन हजार प्रेतं बाहेर जात होती आणि हे जवळजवळ तीन महिने चाललं, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. बाकीचे वैद्य सवयीप्रमाणे घाम आणणारी, जुलाब करवणारी औषधं देत होते. ली म्हणाले, अरे, ही माणसं महिनोन्महिने उपाशी आहेत, भीतीने आणि श्रमाने खचलेली आहेत. पोटातली ताकदच संपली आहे. यांचा ताप बाहेरच्या वाऱ्याचा नाही, आतल्या रिकामपणाचा आहे. यांना आणखी रिकामं केलंत तर मरतील. आणि तसंच झालं, असं त्यांचं म्हणणं. आज आपण म्हणू, वेढ्यात एखादी साथही असेल. असेलही. पण उपाशी माणसाला जुलाब देऊ नये, हे कळायला जंतुशास्त्र लागत नाही.

१२४७ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. त्यात दोन्ही ताप ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. बाहेरच्या तापात हाताची पाठ गरम लागते, आतल्या तापात तळहात. बाहेरच्या तापात डोकेदुखी सतत, आतल्यात येऊन-जाऊन. बाहेरचा ताप आलेला माणूस मोठ्याने, जोरात बोलतो. आतून खचलेल्याला बोलणंच नको वाटतं. आणि उपाय काय? खाऊ घालून ताप उतरवायचा! गोड आणि उष्ण गुणाच्या वनस्पती, जिनसेंग, ज्येष्ठमध, वाळवलेली संत्र्याची साल, अशा आठ द्रव्यांचा त्यांचा काढा आजही तिकडे घेतला जातो. श्रमाने वाढणारा, जरा जिना चढलं की घाम फुटणारा, भूक मेलेली असा बारीक ताप असेल तर तिकडचा वैद्य आठशे वर्षांपूर्वीच्या याच मार्गाने जातो. जीवनशक्तीला ते "ची" म्हणतात. ची कमी पडली म्हणून ताप, असं हे निदान.

दुसरा प्रकार त्याहून प्रसिद्ध, "यिन" कमी पडल्याचा ताप. यिन म्हणजे शरीरातला ओलावा, गारवा, साठा. यांग म्हणजे ऊब, हालचाल, खर्च. मी बँकेचा माणूस, मला हे लगेच पटलं. खात्यात खर्चाची बाजू जड दिसते, पण खर्च वाढलेलाच नाही, जमा आटली आहे. किंवा घरचं उदाहरण घ्या. चुलीची आच तेवढीच, पण पातेल्यातलं पाणी निम्मं झालं तर तळ करपतो. अशा वेळी आचेवर पाणी ओतायचं नाही, पातेल्यात घालायचं.

या तापाची लक्षणं त्यांनी इतकी बारकाईने टिपली आहेत की वाचताना ओळखीचा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. दुपारनंतर किंवा रात्री कसर, सकाळी अंग थंड. तळहात, तळपाय आणि छाती या पाच जागी आग. रात्री पांघरुणातून पाय बाहेर काढावेसे वाटतात. संध्याकाळी गाल लाल. तहान लागते पण घोटभरच पाणी पुरतं. जीभ लाल आणि तिच्यावर थर जवळजवळ नाही. नाडी बारीक आणि जलद. आणि झोपेत येणारा घाम, जो जाग आली की थांबतो. त्याला चिनी भाषेत "चोर-घाम" म्हणतात, घरातले झोपले की येतो म्हणून! हा ताप फार खोल गेला की त्याला नाव आहे "हाडं वाफाळणं". आपला "हाडी ताप" आठवला की नाही? दोन्ही देशांतल्या माणसांना तो हाडातच जाणवला.

तिसरा प्रकार ओलीचा. मुंबईचा जुलै काढलेल्यांना समजावून सांगायला नको. अंग जड, डोकं ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखं, तोंड चिकट, जिभेवर जाड थर. त्वचेला हात लावला तर प्रथम ताप वाटत नाही, हात तसाच ठेवला तर हळूहळू जाणवतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस वू जुथोंग यांनी यावर बजावून ठेवलं आहे की इथे घाम काढू नका, जुलाब देऊ नका आणि यिन वाढवणारी पौष्टिक औषधंही देऊ नका, ओल अधिकच चिकटून बसेल. म्हणजे बघा, मघाशी ज्याला पाणी घाला म्हटलं, तेच इथे घातक. एकाच ९९.४ ला दोन उलटी औषधं. याशिवाय रक्त कमी पडल्याचा, रक्त साकळल्याचा, मनातल्या मनात राग गिळल्याचा असेही ताप ते मानतात. शेवटच्या प्रकारावर भगिनींनी आत्ता ज्या नजरेने आपापल्या शेजारी पाहिलं, ते मी पाहिलं आहे, पुढे जातो.

आता आमच्या घरचं. आमच्या सौ. ना रोज संध्याकाळी ९९.५, सकाळी काही नाही. रक्त, लघवी, मलेरिया, टायफॉइड, छातीचा एक्स-रे, सगळं ठीक. "व्हायरल असेल" असं सांगण्यात आलं. ठरल्याप्रमाणे आम्ही लेकीकडे सिंगापूरला गेलो. तिकडे चिनी वैद्यांना सरकारी नोंदणी लागते आणि गल्लोगल्ली त्यांचे दवाखाने आहेत. लेकीच्या शेजारीण आजींनी आग्रहाने त्यांच्या वैद्यबाईंकडे नेलं.

त्या बाईंनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. पाय पांघरुणाबाहेर काढता का? पाणी कोमट हवं की गार? घाम जागेपणी की झोपेत? मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून कितीतरी वेळ नाडी पाहिली, जीभ पाहिली. ही बाहेर येऊन म्हणाली, "अहो, आमची आजी अस्संच विचारायची!" बाईंनी निदान सांगितलं, यिन कमी. मी मनात म्हटलं, आता पुड्या आणि बिल. पण त्यांचं पुढचं वाक्य असं होतं, "वजन चार किलो उतरलंय, रात्री घाम येतोय, आणि तुमच्या देशात टीबी खूप आहे. एक्स-रे साफ असला तरी छातीचं स्कॅन करून घ्या. तोपर्यंत मी औषध देणार नाही."

परत येऊन सी.टी. स्कॅन केलं. छातीच्या मधोमध गाठी सुजलेल्या होत्या. सुईने तुकडा काढून तपासला, टीबीच निघाला. सहा महिने गोळ्या झाल्या. चौथ्या आठवड्यात ताप गेला, वजन हळूहळू भरून आलं. आज ती इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि मी किती मिनिटं बोललो ते घड्याळात बघते आहे. गोळ्या चालू असताना मी लेकीमार्फत विचारलं होतं, सोबत काही काढा? उत्तर आलं, मुळीच नको, या गोळ्यांचा भार यकृतावर असतो, त्यात भर नको.

नंतर वाचताना कळलं की "हाडं वाफाळणं" या जुन्या वर्णनातलं बरंचसं आजच्या क्षयाशी जुळतं. म्हणजे वैद्यबाईंच्या पूर्वजांनी चित्र अचूक काढलं होतं. चोर-घाम, लाल गाल, संध्याकाळचा ताप, सगळं त्यात आहे. पण त्या चित्राखाली लिहिलेलं कारण वेगळं होतं, आणि माणूस वाचवणारी गोळी त्या कारणातून निघाली नाही. मला वाटतं, हा फरक नीट समजून घेतला तर परंपरेची थट्टाही करावी लागत नाही आणि आंधळी भक्तीही.

याचंच एक जगप्रसिद्ध उदाहरण. वू जुथोंग यांच्या ग्रंथात रात्री चढणाऱ्या आणि सकाळी उतरणाऱ्या तापावर एक काढा आहे. त्यात दोन मुख्य द्रव्यं, छिंगहाओ नावाची वनस्पती आणि मऊ पाठीच्या कासवाचं कवच. कवच औषधाला खोल आत नेतं आणि छिंगहाओ दडलेल्या तापाला बाहेर काढते, अशी कल्पना. ही छिंगहाओ आपल्या दवण्याच्या गोत्रातली. जोतिबाला वाहतात तोच दवणा. १९६७ साली चीन सरकारने मलेरियावरच्या औषधाची गुप्त मोहीम हाती घेतली, आणि त्यात तू यूयू या संशोधक बाईंनी जुने ग्रंथ चाळले. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात त्यांना दिसलं की छिंगहाओ उकळायची नाही, पाण्यात भिजवून पिळायची. उकळण्याने गुण जात असेल, हे त्यांनी ओळखलं. १९७१ मध्ये कमी उष्णतेवर ईथरमध्ये अर्क काढला आणि तो उंदरांच्या मलेरियावर पूर्ण उतरला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं, २०१५ साली नोबेल मिळालं. म्हणून घरी जाऊन कोणी दवणा वाटून पिऊ नका. दवणा वेगळा.

उलट बाजूही सांगतो. अधूनमधून थंडी, अधूनमधून ताप यासाठी झांग झोंगजिंग यांचा एक सात द्रव्यांचा काढा आहे. जपानमध्ये तो यकृताच्या रोग्यांना मोठ्या प्रमाणावर दिला गेला. १९९० च्या दशकात त्यातल्या काहींना फुफ्फुसाचा गंभीर विकार झाला, काही दगावले. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांसोबत तो देण्यावर बंदी आली. "वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?" हे वाक्य आपल्या कट्ट्यावर फार वेळा ऐकू येतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

भाषणानंतर बी विंगमधल्या एका ताईंनी विचारलं की मग घरी नेमकं करायचं काय. मी सांगितलं ते असं. एक वही करा. सकाळी उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना ताप मोजून वेळेसकट लिहा. शेजारी चिनी वैद्याचे प्रश्नही लिहा. घाम केव्हा, भूक कशी, श्रमाने वाढतो का. आठवड्याला एकदा वजन. ही वही डॉक्टरांपुढे ठेवा, "थोडी कसर आहे" एवढंच सांगू नका. आणि ताप किंवा खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर टीबीची तपासणी आपण होऊन मागा. सरकारी केंद्रात ती फुकट होते. ताईंनी वही केली आहे असं कळलं. त्यांच्या ९९ चं कारण दाढेत सापडलं.