आजचं पान आपल्या हाती

मंडळी, कार्तिकी आली की आपल्या रत्नागिरीत दोन ठिकाणी गर्दी. एक विठ्ठलमंदिरात, दुसरी कॉलेजच्या परीक्षेला. परवा कीर्तन संपलं नि एक पोरगा पायाशी वाकला. हात कापत होते. म्हणाला, "बुवा, प्रोजेक्ट उद्या द्यायचंय, सोमवारी पेपर. दोन रात्री झोप नाही. नापास झालो तर आईला तोंड कसं दाखवू?"

मी विचारलं, "बाळा, जेवलास का?" नव्हता जेवला. आधी प्रसाद खायला लावला.

अहो, इथल्याच टिळक आळीत जन्मलेले लोकमान्य! डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी व्यायामात घालवलं, प्रकृती कमावली. मग बी.ए. झाले, १८७९ साली एलएल.बी. झाले. पुढे मंडालेचा तुरुंग सोसला नि तिथंच गीतारहस्य लिहिलं. शरीर मोडून विद्या येत नाही, बाबांनो.

गीता फळाची आशा सोड म्हणते, अभ्यास सोड म्हणत नाही. निकाल उद्याचा. आजची चार पानं मात्र आपल्या हाती. तेवढी वाचा नि झोपा. प्रोजेक्ट राहिलं तर लपू नका, सरांना आधी जाऊन सांगा.

आणि आयाबापांनो, "किती मिळाले" नंतर, "जेवलास का" आधी. पोर जीव नकोसा झाला म्हणालं, तर अंगारा लावून थांबू नका. डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा सरकारी फोन रात्रंदिवस, फुकट आहे.

विठोबा मार्कलिस्ट बघून दर्शन देत नाही. मग आपण का बघावी?

बोला, पुंडलीक वरदा हरी विठ्ठल!