गाडीतली स्क्रीन बंद पडली तर

आज बोलायचंय ते गाडीतल्या स्क्रीनबद्दल. गटाच्या बायांना हे कशाला, असं वाटेल. पण आपल्या शिरूर अनंतपाळ तालुक्यात कर्ज काढून घेतलेल्या कितीतरी गाड्यांचे हप्ते बायांच्याच नावावर आहेत.

आमच्या एका ताईंनी सात सीटची नवी गाडी घेतली. मालक स्वतः चालवतात, लग्नाची, दवाखान्याची भाडी मारतात. वर्षभरात स्क्रीन अडकायला लागली. गाडी मागं घेताना कॅमेऱ्यात काही दिसेना. कारखान्यात नेली की ते बंद करून चालू करायचे, म्हणायचे झालं. वॉरंटी संपल्यावर मात्र म्हणाले, स्क्रीन बदला. रक्कम चार हप्त्यांएवढी!

ही स्क्रीन म्हणजे आत बसवलेला मोठा मोबाईलच. मोबाईलला कसं अपडेट मागतं, तसं हिलाही लागतं. काही गाड्यांत ते नेटवरून आपोआप येतं, काहींत सर्व्हिस सेंटरवाले पेन ड्राइव्हनं टाकतात. अपडेट चालू असताना मधेच चावी बंद करायची नाही, नाहीतर चांगली स्क्रीनही बसते.

आणि बिघाड कुठूनही येतो. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सिॲटल शहरात एका रेडिओ केंद्रानं गाण्याबोलण्याबरोबर चित्रं पाठवली. त्या फायलींच्या नावाला शेवटचं शेपूट नव्हतं. तेवढ्यानं माझदा कंपनीच्या २०१४ ते २०१७ च्या काही गाड्यांच्या स्क्रीन बिघडल्या, रेडिओ त्याच केंद्रावर अडकून बसला. (आपल्या केंद्राची काळजी करू नका, आपण चित्रं पाठवत नाही!) यात मालकांनी काय केलं होतं? नुसता रेडिओ लावला होता. कंपनीनंही मग भाग फुकट बदलून द्यायची तयारी दाखवली. म्हणून ‘तुम्हीच काहीतरी दाबलं असेल’ असं कुणी म्हणालं की गप बसू नका.

आमच्या ताईंना वाचवलं ते जॉब कार्डानं. गाडी टाकताना दर वेळी त्यांनी ‘स्क्रीन अडकते’ असं लिहून घेतलं होतं, तारखेसकट. म्हणजे तक्रार वॉरंटीतली. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडं पाठवते. कंपनीतून फोन आला, गाडी परत बोलावली, नवं सॉफ्टवेअर टाकलं. स्क्रीन चालू झाली, बदलावी लागलीच नाही.

असं मिटलं नसतं तर पुढचं दार लातूरला आहे, जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी पुण्यामुंबईची का असेना. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायचं. भाड्याची गाडी म्हणून कुणी हुसकावलं तर सांगा, स्वयंरोजगारानं पोट भरायला घेतलेल्या वस्तूचा मालकही ग्राहकच धरतात.

नवी गाडी घेताना रंगाआधी हे विचारा: स्क्रीनची वॉरंटी किती वर्षं? अपडेट फुकट का पैसे देऊन? नेटवरच्या सोयी किती वर्षं फुकट, नंतर किती रुपये? उत्तर बिलावर नाहीतर कंपनीच्या कागदावर लिहून घ्या. तोंडी बोलणं सेल्समनची बदली झाली की संपतं.

जुनी गाडी घेत असाल तर अजून एक बघा. पहिल्या मालकाच्या मोबाईलमधलं कंपनीचं ॲप गाडीला जोडलेलं राहिलं, तर गाडी कुठं उभी आहे ते त्याला घरबसल्या दिसू शकतं. पैसे देण्याआधी त्याच्यासमोरच ते काढायला लावा आणि स्क्रीनमधली जुनी माहितीही पुसून घ्या. जमत नसेल तर सर्व्हिस सेंटरमधून करून घ्या, मगच चावी हातात घ्या.