फॉइल नाही, मग ओव्हनमध्ये झाकायचं कशाने?

लोकलमध्ये ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आज सुरुवातच आमच्या आजीच्या ओरडण्याने आहे.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी डोंबिवलीला आमच्याकडे मावशीकडचे सगळे जेवायला येणार होते. मी शहाणपणा करून आदल्या रात्रीच बेक्ड पास्ता रचून ठेवला. भरपूर टोमॅटो सॉस, स्टीलचं पसरट भांडं, काठोकाठ भरलेलं, आणि वर अॅल्युमिनियम फॉइल घट्ट दाबून बसवलेली. सकाळी आजीने फ्रिज उघडला आणि तिथूनच हाक मारली, "अगं, फ्रिजमध्ये उंदीर शिरला की काय? चांदीचा कागद कुरतडलाय!"

उंदीर नव्हता. जिथे जिथे सॉस फॉइलला टेकला होता, बरोबर तिथेच बारीक भोकं पडली होती आणि खाली सॉसवर करडे ठिपके. आंबट, खारट ओलावा, एका बाजूला स्टील, दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियम. दोन वेगळे धातू आणि मध्ये मिठाचं पाणी, म्हणजे शाळेतल्या प्रयोगातला विद्युत घटच झाला की! त्यात झिजतं ते अॅल्युमिनियम. मी वरचा थर काढून टाकला, बाकीचं आम्ही जेवलो.

आता लगेच घाबरू नका. अॅल्युमिनियमचे अंश रोजच्या अन्नातून थोडेफार पोटात जातच असतात. अन्नातल्या अशा घटकांचा अभ्यास करणाऱ्या जागतिक तज्ज्ञ समितीने 2011 मध्ये मर्यादा ठरवली ती आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे 2 मिलिग्रॅम. एका पास्त्याने आभाळ कोसळत नाही. पण 2024 मध्ये आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही चटणी, सांबार असले आंबट पदार्थ अॅल्युमिनियमच्या भांड्यात साठवू नका असं म्हटलंय. आणि दुसरी गोष्ट कचऱ्याची. कल्याणकरांना आधारवाडीचं डम्पिंग ग्राउंड आणि तिथला धूर मी आठवण करून द्यायला नको. भंगारवाला अॅल्युमिनियमचं पातेलं आनंदाने घेतो, चीज लागलेली चुरगळलेली फॉइल त्याच्यापुढे धरून बघा.

तर फॉइलऐवजी काय? हाच प्रश्न मी शेजारच्या काकूंना विचारला. काकू मूळच्या ठाण्याच्या, सीकेपी. त्या म्हणाल्या, "आधी सांग, तुला वाफ अडवायचीय की वरचा जाळ?"

मी गप्प. कारण मी फॉइल लावायचे ती पाककृतीत लिहिलंय म्हणून.

मग त्यांनी निनावाची गोष्ट सांगितली. निनाव म्हणजे बेसन, कणिक, गूळ, नारळाचं दूध असं सगळं आटवून भाजलेली वडी. त्यांच्या आजीकडे ओव्हन कुठला! पातेलं मंद आचेवर, वर सपाट झाकण आणि झाकणावर निखारे. वरून रंग हवा असेल तर निखारे वाढवायचे, पुरे झाला की चिमट्याने उचलायचे. म्हणजे झाकणावरचे निखारे हाच त्यांचा वरचा रॉड! आपल्या ओटीजीतही तेच बटण आहे, वरचा रॉड, खालचा रॉड, दोन्ही. मी चार वर्षं ते बटण 'दोन्ही'वरून हलवलंच नव्हतं. लहान ओटीजीत वरचा रॉड भांड्याच्या अगदी डोक्यावर असतो, म्हणून केक आत कच्चा आणि वर काळा होतो. अशा वेळी झाकायची गरजच नसते. रंग आला की वरचा रॉड बंद करा, भांडं एक खाच खाली घ्या. ओव्हन मोठा असेल तर वरच्या खाचेत रिकामा ट्रे सरकवा, तो छत्रीसारखं काम करतो.

वाफ अडवायची असेल, म्हणजे पुलाव, बिर्याणी, भरलेल्या भाज्या, तर सरळ झाकण. भांड्यावर स्टीलची ताटली पालथी घाला. काठ जरा मोठा असू दे, म्हणजे काढताना पकड मिळते. झाकणाला प्लास्टिकची मूठ असेल तर आधी स्क्रू काढून ती बाजूला ठेवा, नाहीतर ओव्हनभर वास. बोरोसिलिकेट काचेचं झाकणवालं भांडं उत्तम, फक्त फ्रिजमधून काढून थेट गरम ओव्हनमध्ये ठेवू नका, तडकेल. फट राहत असेल तर दमाची जुनी युक्ती, कणकेची वळकटी करून काठाला लावा. भाजून कडक होते, सुरीने टकटक केलं की सुटते.

बटर पेपर मात्र जपून. दुकानात 'बटर पेपर' म्हणून जे मिळतं त्यात काही वेळा मेण लावलेला कागद असतो, तो ओव्हनमध्ये धुरावतो. पाकिटावर बेकिंगसाठी आहे आणि किती तापमानापर्यंत चालतो हे लिहिलेलं असेल तरच घ्या. पाण्यात भिजवून, चुरगळून, पिळून भांड्याच्या आत दाबून बसवा. कोपरे वर उभे राहून रॉडला टेकले तर पेट घेतील. सिलिकॉनची झाकणं मिळतात, त्यांचंही तेच, आकडा वाचून घ्या.

आणि माझं सगळ्यात आवडतं, केळीचं पान. फुलवाल्यांकडे मिळतं. गॅसवर हलकं फिरवलं की पान गडद, चकचकीत होतं आणि वाकतं, फाटत नाही. तेल लावून पदार्थावर टेकवा, वर ताटली. पान सुकून कडेने तपकिरी होतं, पण पदार्थाला पानगीचा वास येतो. तो कुठल्या फॉइलला येणार?

पानांचं आणखी एक सांगते. जानेवारीत आम्ही दिव्याहून रोह्याची गाडी पकडून मैत्रिणीच्या गावी पेणला पोपटीला गेलो होतो. मडक्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, तळाला आणि तोंडाशी भांबुर्डीचा पाला गच्च कोंबलेला, मग मडकं पालथं घालून भोवती जाळ. पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगांची आणि पाल्याची वाफ आतच कोंडते, त्यावरच सगळं शिजतं. अर्ध्या तासाने मडकं उपडं केलं तेव्हा माझ्या डोक्यात काकूंचाच प्रश्न होता, वाफ की जाळ? इथे पाला वाफ धरतो आणि मडकं जाळ झेलतं.

एक राहिलं. कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह असेल तर स्टीलची ताटली फक्त कन्व्हेक्शन मोडवर, तीही मशीनच्या पुस्तिकेत धातू चालतो असं लिहिलं असेल तरच. मायक्रो मोडवर ठिणग्या उडतील.

तो पास्ता मी पुन्हा केला, मावशीकडच्यांसाठीच. काचेच्या भांड्यात, वर केळीचं पान, पानावर ताटली, शेवटची दहा मिनिटं उघडा ठेवून वरचा रॉड चालू. आजीने पान उचलून वास घेतला आणि विचारलं, "आत पातोळे आहेत का?" मी पास्ता म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. पुढच्या रविवारी काकूंकडून निनाव शिकायचंय, ओटीजीत. जमलं तर सांगते.