बागेतले हिवाळी पाहुणे
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. छत्तीस वर्षं बँकेत काढल्यामुळे वेळेची सवय आहे, पण विषय पक्ष्यांचा आहे, तेव्हा दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या.

आधी एक जुनं खातं बंद करतो. आपल्या गच्चीवर रोज सकाळी ज्वारी टाकणारा इसम मीच होतो, हे जुन्या सभासदांना माहीत आहे. माझं लहानपण सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात गेलं. सुगीच्या दिवसांत आई चार कणसं चिमण्यांसाठी म्हणून वळचणीला टांगायची. ते डोक्यात होतं. निवृत्त झाल्यावर वाटलं, आपणही करावं. सुरुवातीला किलोभर ज्वारी चार दिवस पुरायची, पुढे दीड दिवसात संपायला लागली. चिमण्या यायच्या आठ-दहा आणि पारवे, म्हणजे आपण ज्यांना कबुतरं म्हणतो ते, पाऊणशे. मी खूश. आमची ही म्हणायची, "अहो, हे पक्षी नाहीत, ही पंगत आहे." मी लक्ष दिलं नाही.

पुढे तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा खोकला जाईना. (त्या आत्ता दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना विचारूनच हे सांगतोय.) छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, घराजवळ कबुतरं आहेत का? त्यांच्या बाथरूमच्या खिडकीबाहेरचा डक्ट विष्ठेने भरलेला होता. त्यांच्या घरून समितीकडे पत्र गेलं. मी त्याला दोन पानी उत्तर लिहिलं. भूतदया, आपली संस्कृती, मुक्या जिवांचा घास, सगळं त्यात होतं. वहिनींच्या खोकल्याबद्दल एक ओळ नव्हती. ते पत्र अजून संस्थेच्या फायलीत आहे. आठ महिने आमच्या दोन घरांत बोलणं बंद होतं.

मग एके दिवशी लिफ्ट बंद पडली. मी ज्वारीची पिशवी घेऊन जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वहिनी पायरीवर बसलेल्या, धाप लागलेली. मला बघून सरकल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही व्हा पुढे." मी काही पुढे गेलो नाही. त्या दिवसापासून दाणे बंद. त्यांची तब्येत आता बरीच सुधारली आहे, पण चढ आला की थांबावं लागतं.

यातलं शास्त्र मी नंतर समजून घेतलं. पारवा मुळात कडेकपारीत राहणारा पक्षी. आपले डक्ट आणि खिडक्यांवरचे छज्जे म्हणजे त्याच्या दृष्टीने कपारीच. फुकट खाणं बारा महिने मिळालं की तो जवळजवळ बारा महिने अंडी घालतो. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासातून जाते, काही जणांच्या फुप्फुसांना त्यामुळे सूज येते, आणि ते बरेच दिवस चाललं तर फुप्फुस कडक होत जातं. २०२५ साली मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. आपल्याकडे ते जिन्यात मिटलं.

दाणे बंद झाल्यावर सकाळी करायचं काय? सवयीने मागच्या बागेतल्या बाकावर जाऊन बसायला लागलो. तेव्हा कळलं की खरे पाहुणे तिथे येतात आणि त्यांना आपल्या ज्वारीशी काही देणंघेणं नाही.

पहिला दिसला थिरथिरा. चिमणीएवढा, नराचं डोकं नि छाती काळी, पोट आणि शेपूट विटकरी. कंपाउंडच्या भिंतीवर बसून शेपूट सारखी थरथरवतो, म्हणून हे नाव. हा हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून ऑक्टोबरच्या सुमारास येतो आणि उन्हाळा तापायला लागला की परत जातो. वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे माझ्या एका चष्म्यापेक्षा कमी! बँकेतली सवय म्हणून मी रजिस्टर ठेवतो. गेली पाच वर्षं ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याची नोंद आहे, आणि बसायची जागा तीच, पाण्याच्या टाकीजवळचा कोपरा. पक्षी तोच की दुसरा हे मी सांगू शकत नाही, पण मी तो तोच समजतो.

पार्किंगमध्ये शेपूट वरखाली करत तुरुतुरु पळणारा पिवळ्या पोटाचा पक्षी म्हणजे करडा धोबी. तोही पाहुणाच. कर्दळीवर आणि जास्वंदीवर येणारा शिंजीर मात्र इथलाच. उन्हाळ्यात चकचकीत जांभळा दिसणारा नर पावसाळ्यानंतर काही महिने मळकट पिवळट होतो, गळ्यापासून पोटावर एक काळी रेघ तेवढी राहते. मी त्याची दोन वर्षं वेगळा पक्षी म्हणून नोंद केली होती. 'ए' विंगमधल्या एका सातवीतल्या मुलीने माझी चूक काढली. ऑडिटमध्ये सुद्धा इतकी शरम वाटली नव्हती.

फेब्रुवारीत मागचा पांगारा फुलला की भोरड्या येतात. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि कलकलाट इतका की फोनवर बोलता येत नाही. गावाकडे ज्वारीच्या राखणीला माचाणावर बसून मी ह्याच भोरड्यांवर गोफण चालवलेली आहे. त्या मध्य आशियातून येतात हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी गोफण थांबली नसती म्हणा.

लोक रोहित बघायला भिगवणला जातात, जरूर जावं. पण पक्षी बघायला पेट्रोल लागतंच असं नाही.

आता मुद्द्यावर येतो. येत्या सर्वसाधारण सभेत मागच्या पट्ट्याला पेव्हर ब्लॉक बसवायचा विषय आहे. सात गाड्या जास्त लागतील हे मला मान्य आहे. माझ्या मुलाचीही गाडी रस्त्यावरच असते. पण थिरथिरा आणि धोबी दाणे खात नाहीत. ते मुंग्या, कोळी, किडे खातात आणि ते किडे त्या पट्ट्यावरच्या पालापाचोळ्यात असतात. माती झाकली की त्यांचं ताट गेलं. निदान पांगाऱ्यापासून टाकीपर्यंतचा भाग मातीचाच ठेवावा आणि तिथला पाला जाळू नये, अशी लेखी सूचना मी दिली आहे. या वेळी एकच पान लिहिलंय.

दाण्यांऐवजी पाणी ठेवा. पसरट मातीचं भांडं, दोन बोटं पाणी, शेजारी मांजराला दबा धरता येईल असं झुडूप नको. पाणी रोज बदलायचं आणि भांडं घासायचं, नाहीतर डासांच्या अळ्या होतात आणि महापालिकेची नोटीस येते, ती बरोबरच येते. संक्रांतीनंतर झाडांत अडकलेला मांजा काढायला मात्र तरुण मंडळी हवीत, माझे गुडघे आता शिडीवर चढत नाहीत.

पाणी बदलायच्या पाळ्यांचा तक्ता नोटीस बोर्डावर लावलाय. सोमवार माझा, मंगळवार वहिनींचा, शनिवार-रविवार मुलांनी घेतलेत. बुधवार आणि शुक्रवारही गेले. गुरुवार अजून रिकामा आहे.