मुलाखतीचा पोशाख



युनियनचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनसवर बोलणार, असा श्रोत्यांचा समज असतो. आज आम्ही सदऱ्यावर बोलणार आहोत.

मुलाखतीला काय घालून जावे, हे विचारायला आमच्याकडे पुष्कळ पोरे येतात. प्रश्न क्षुल्लक नाही. बाप धानाच्या बांधीत आणि आई तेंदूपत्ता तोडायला, अशा घरातही कोटासाठी उसनवारी होते. नोकरी लागण्याआधी कर्ज लागते!

तेव्हा आधी जाहिरात नीट वाचावी. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. तेथे सदरा कोणी पाहत नाही. खासगी नोकरीत मात्र पाहतात. तेथेही कोट नको. गोंदियाच्या उन्हात कोट घातलेला उमेदवार उत्तर देण्याऐवजी घाम पुसत बसतो. फिका, पुऱ्या बाह्यांचा सुती सदरा, गडद पॅन्ट, जुनेच पण पॉलिश केलेले बूट, एवढे पुष्कळ झाले. नागपूरपर्यंतचे १३० किलोमीटर तो सदरा पिशवीत घडी करून न्यावा आणि स्टेशनवर तोंड धुऊन अंगात घालावा. मुलींनी साडी नेसावी की सलवार-कमीज, हे त्यांनाच ठरवू द्यावे. वडीलधाऱ्यांनी त्यात पडू नये.

काम कोणते, हेही पाहावे. भातगिरणीत फिरत्या पट्ट्याजवळ सैल उपरणे म्हणजे मरण. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २२ व्या कलमात, चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत असे होते. आणि ते मालकाने पुरवावेत, असेही होते. हा उत्तरार्ध आम्हाला विशेष प्रिय. कामाचे कपडे कोण देणार, हे मुलाखतीतच विचारून घ्यावे.

कपड्यावरून आपली पायरी ओळखतील, ही भीती पोरांच्या मनात असते, आणि ती खोटी नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले, की अस्पृश्यतेची ओळख पटवणारी नेसण आणि तसले दागिने टाकून द्या. महाग लुगडी घ्या, असे त्यांचे सांगणे नव्हते. दुसऱ्याच दिवशी बायांनी नेसण बदलली.

आमच्याकडे येणाऱ्या पोराजवळही एक बरा सदरा बहुधा असतोच. चुरगळलेला असतो, इतकेच. म्हणून युनियनच्या कचेरीत आता एक इस्त्री ठेवली आहे. कोळसा आपला आणावा.