दोन हृदयांचा पेशंट



सॅन फ्रान्सिस्को शहर, १९९९ साल संपायला एक दिवस उरलेला. गोळ्या लागलेल्या एका पन्नाशीच्या गृहस्थाला हॉस्पिटलात आणलंय. एक्स-रेमध्ये दोन हृदयं दिसतात. फिल्म दोनदा उमटली असेल, असं म्हणून मंडळी तिकडे काणाडोळा करतात. ग्रेस हॉलोवे नावाच्या हृदयतज्ज्ञ बाई त्या अनोळखी शरीरात तपासणीची नळी घालतात, नळी वाट चुकते आणि पेशंट दगावतो. गोळ्यांनी नव्हे, उपचारांनी.

हा प्रसंग १९९६ सालच्या ‘डॉक्टर हू’ या टीव्ही चित्रपटातला. मला त्यात त्या चित्रपटाचंच भविष्य दिसतं.

‘डॉक्टर हू’ ही मालिका बीबीसीवर सुरू झाली ती २३ नोव्हेंबर १९६३ला. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौत जन्मलेला, तेव्हा विशीतला तरुण. नायक परग्रहावरचा, नाव नुसतं ‘डॉक्टर’. त्याचं यान म्हणजे रस्त्यावरून पोलिसांना फोन करण्याची निळी खोकी. बाहेरून कपाटाएवढी, आतून अफाट. पुढे १९६६मध्ये मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना. तेव्हा लेखकमंडळींनी युक्ती काढली: डॉक्टर मरत नाही, त्याचं शरीर बदलतं. नट बदला, गोष्ट चालू ठेवा! नड भागवायला काढलेली ही युक्ती मालिकेचं सगळ्यात मोठं भांडवल ठरली. सात नट झाले, सव्वीस वर्षं झाली आणि १९८९च्या डिसेंबरात मालिका थांबली.

तिला उठवायचा ध्यास घेतला फिलिप सीगल यांनी. जन्म इंग्लंडचा, काम अमेरिकेत. बरीच वर्षं दारं ठोठावल्यावर बीबीसी, युनिव्हर्सल आणि फॉक्स वाहिनी असा मेळ जमला. चित्रीकरण कॅनडातल्या व्हँकुव्हरला झालं. दीड तासाचा चित्रपट करायचा, लोकांनी पाहिला तर नवी मालिका, असा हिशेब.

आता गंमत बघा. सीगल हे खरे भक्त. त्यांना जुना डॉक्टर सन्मानानं निरोप घेताना हवा होता, म्हणून सातवे डॉक्टर सिल्व्हेस्टर मॅकॉय यांना आणलं; सुरुवातीचा तो पेशंट म्हणजे हेच. फॉक्सला हवा होता ‘डॉक्टर हू’ कधीही न पाहिलेला अमेरिकन प्रेक्षक. दोघांना खूश करायचं, म्हणून सुरुवातीलाच निवेदन: अमुक ग्रह, तमुक शत्रू, त्याचा खटला, त्याची राख. ही कीर्तनाच्या पूर्वरंगाची तयारी होईतो नवा डॉक्टर पडद्यावर यायलाच वीसेक मिनिटं गेली. जुन्या प्रेक्षकांची वेगळी तक्रार: आपला डॉक्टर आईकडून माणूस निघाला, हे कुणी ठरवलं?

अमेरिकेत १४ मे १९९६ला, मंगळवारी रात्री हा चित्रपट दाखवला, तोही समोरच्या वाहिनीवर ‘रोझॅन’सारखी लोकप्रिय मालिका चालू असताना. प्रेक्षक मिळाले ५६ लाखांच्या आसपास. फॉक्सचं समाधान झालं नाही. ब्रिटनमध्ये २७ मेला नव्वद लाखांहून जास्त लोकांनी तो पाहिला. पण निर्णयाची किल्ली अमेरिकेत होती. नवी मालिका झाली नाही.

तेल गेलं, तूप गेलं. पण श्रोतेहो, या वेळी हाती राहिलेलं धुपाटणं फार देखणं होतं! त्याचं नाव पॉल मॅकगॅन, म्हणजे आठवा डॉक्टर. शवागारात जागा झालेला, आपण कोण हेच विसरलेला आणि पायात बूट नीट बसले म्हणून भर चर्चेत लहान मुलासारखा हरखणारा. कथा डळमळीत असली तरी हा माणूस पहिल्या क्षणापासून डॉक्टर वाटतो.

नऊ वर्षांनी, २६ मार्च २००५ला, मालिका खरोखर परत आली. लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी चूक नेमकी हेरली होती. त्यांनी सुरुवात डॉक्टरपासून केलीच नाही. लंडनच्या एका दुकानात काम करणारी रोझ नावाची मुलगी घेतली, तिच्यावर दुकानातले पुतळे चालून आले आणि एका अनोळखी माणसानं तिचा हात धरून ‘पळ’ म्हटलं. कूळ, ग्रह, इतिहास यातलं त्या भागात जवळजवळ काही नाही. पाहुण्याला आधी पाणी द्यावं, वंशावळ जेवणानंतर. एवढं साधं ते शहाणपण होतं.

मग मॅकगॅनचं काय झालं? इथे मी, आकाशवाणीच्या माईकसमोर बसलेला माणूस, थोडा पक्षपाती होणार. २००१पासून ते ध्वनिनाट्यांतून डॉक्टर झाले. आपल्याकडे ज्याला नभोनाट्य म्हणतात, तेच. आधी सीडीवर, पुढे बीबीसी सेव्हन या रेडिओ वाहिनीवरही. ना विग, ना रोषणाई. पडद्यावर दीड तास मिळालेला हा नट नुसत्या आवाजावर वर्षानुवर्षं डॉक्टर राहिला.

१४ नोव्हेंबर २०१३ला, मालिकेच्या पन्नाशीनिमित्त, बीबीसीनं जेमतेम सात मिनिटांचा एक लघुपट दाखवला. त्यात मॅकगॅनचा डॉक्टर सतरा वर्षांनी पडद्यावर आला, तो मरण्यासाठी. शरीर बदलण्यासाठीचा शेवटचा घोट घेण्याआधी तो आपल्या सोबत्यांची नावं घेतो: चार्ली, क्रिझ, लूसी, टॅम्सिन, मॉली. ग्रेसचं नाव त्यात नाही. ही पाचही माणसं ध्वनिनाट्यांतली.