मनीचे गूज आणि ऐकणारा कान

मुळशी तालुक्यातील कासारसाई हे गाव आज धरणामुळे आणि कासारसाई-दारुंब्रे येथील श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. या परिसरात मनाच्या दुखण्याविषयी बोलावयाचे, तर आरंभ जात्यापासून केलेला बरा.

मुळशी-मावळच्या डोंगरपट्ट्यात गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या स्त्रियांसमवेत जात्यावरच्या ओव्या जमविल्या. पुढे महाराष्ट्रभरातून असा एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. त्यांत विठ्ठल आहे, तसेच माहेर, सासूचा जाच आणि भावाची वाट पाहणेही आहे. पहाटे घर निजलेले असताना दोघी समोरासमोर बसत. एकीने ओवी घालावी, दुसरीने ती उचलावी. सासूसमोर जे ओठांवर येत नसे, ते जात्याला सांगता येई. आणि समोरची ते ऐकत असे. जाते परत यावे असे मात्र कोणी म्हणणार नाही. ते दळण कष्टाचे होते.

व्हिएन्नामध्ये १८८० ते १८८२ या काळात डॉ. योझेफ ब्रॉयर यांच्याकडे बेर्था पापेनहाइम ही तरुणी उपचार घेत होती. मनातले बोलण्याच्या या पद्धतीला 'बोलण्याचा उपचार' हे नाव तिनेच दिले. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ साली तिची हकीकत प्रसिद्ध केली. त्या उपचाराने ती पूर्ण बरी झाली नव्हती, पुढेही तिला रुग्णालयात राहावे लागले, हेही सांगितले पाहिजे.

समुपदेशन या शब्दात 'उपदेश' दडला आहे, हे दुर्दैवच. कारण तेथे उपदेश करावयाचा नसतो. एखादी सून म्हणते, "मी कोणालाच नको आहे." घरचे म्हणतील, विसरून जा. समुपदेशक विचारतो, हे वाक्य प्रथम कोणाकडून ऐकले? मग तिसरी मुलगी म्हणून झालेला जन्म, आजीचे बोल, असे एकेक उलगडत जाते. समुपदेशकही आपल्याला हिणवील, या धास्तीने ती त्याच्यापासूनही काही लपविते. येथे ते दोघांतील नातेच उपचाराचा विषय होते. तो हिणवीत नाही, हा अनुभव तिला नवा असतो. त्यातून जुन्या कहाणीचा अर्थ बदलू लागतो. ओवीत दुःखाला वाट मिळे, परंतु असा प्रश्न विचारणारे कोणी नसे. जेथे मारहाण आहे, तेथे मात्र केवळ बोलण्याने भागत नाही, संरक्षणच हवे.

१० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. अडचण एकांताची आहे. जाते फिरे तेव्हा घर निजलेले असे. दोन खोल्यांच्या घरात सुनेने फोन कोठे जाऊन करावा? आशा कार्यकर्तीच्या घरी किंवा आरोग्य उपकेंद्रात तासभर दार लोटून बसण्याची सोय झाली, तरी पुष्कळ होईल.